कादाबाघाने चाटलेले पाय

रविवारी सकाळी साडेनऊला विनायक मिसाळ मोजे काढी, पाय धुई आणि डमडमच्या दोन खोल्यांच्या घरातल्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसे. समोर स्टूल, स्टुलावर टाचा, तळवे हवेला. पाय फडक्याने पुसायचे नाहीत. पुसले की कातडी लाल होते आणि मग ती कशाने लाल झाली ते सांगता येत नाही. वाऱ्यावर सुकायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात वर्तमानपत्राची चार पाने होत.

दहाच्या सुमाराला बारासातहून लोकलने उदय मंडल येई. चहा नंतर, आधी पाय. उदय पाटावर बसून विनायकचा एकेक पाय मांडीवर घेई. टाच, तळवा, बोटांच्या बेचक्या, घोट्यामागची खोबण, गुडघ्यामागची वळी. मग एक शब्द. "साफ." मग उदय खुर्चीत आणि विनायक पाटावर. एका माणसाला पंधरा मिनिटे लागतात. त्याहून लवकर झाले तर ते झालेच नाही असे समजावे. दोघांना निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती आणि या सहा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. उदयच्या मुलाच्या लग्नात पंगत बसायच्या आधी दोघे भांड्यांच्या खोलीत जाऊन पाय बघून आले होते.

हे का, ते सांगायला कादाबाघापासून सुरुवात करावी लागते. कादा म्हणजे बंगालीत चिखल. जनावर वाघासारखे मुळीच नाही. माणूस खाते म्हणून वाघ. लांबी फावड्याच्या दांड्याएवढी, अंग चपटे, कातडी भिजलेल्या गोणपाटासारखी. पाय सहा, पुढचे चार खणायला आणि मागचे दोन ढकलायला. डोळे नाहीत. जीभ तळहाताएवढी रुंद. हुगळीच्या गाळात ते राहते आणि गाळाबाहेर येत नाही. घाटाच्या कोरड्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याचे भय नाही. गाळात उतरलेल्याला मात्र ते आधी चाटते. चाटलेली जागा बधिर होते. मग ते थांबते, आणि मग खायला लागते, सावकाश, पातळ पातळ, बटाटा सोलावा तसे. माणूस वर उभा राहून बोलत असतो, विडी ओढत असतो आणि खाली त्याचा पाय संपत असतो. त्याला पत्ता नसतो. पाऊल उचलायला जातो तेव्हा कळते.

पोट भरलेले असले तरी ते चाटते. का, ते कुणाला ठाऊक नाही. चाटून सोडून दिलेली जागा जन्मभर बधिर राहते. तिथे खिळा घुसला, काच लागली, जखम सडली, तरी आतून कुणी हाक मारत नाही.

घाटांवर पाट्या आहेत, मोठी भरती यायच्या आधी भोंगा होतो आणि शहर आपले चालू असते. न्यू टाउनच्या कचेऱ्यांत बसणाऱ्यांना कादाबाघ मोबाइलवरच दिसतो. पण गोदीच्या दरवाजाखालच्या खाचेत गाळ साचतो आणि तो काढल्याशिवाय दरवाजा बसत नाही. यंत्र त्या खाचेत शिरत नाही. तिथे माणूसच लागतो.

विनायकने तिथे अडतीस वर्षे फावडे मारले. गाळ दिसायला मऊ, उचलायला जड. फावडे पाऊण भरायचे. पूर्ण भरणारा तासाभरात कंबर धरून बसतो आणि अर्धे भरणारा आपले काम दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. सत्तर फावडी झाली की थांबायचे, फळीवर चढायचे, पाय धुवायचे आणि जोडीदाराचे पाय बघायचे. सत्तर हा आकडा कुणी लिहून दिलेला नव्हता. सत्तर फावड्यांना सात मिनिटे लागतात, आणि कादाबाघ चाटून झाल्यावर साधारण तेवढाच थांबतो. स्वतःचे पाय स्वतः बघायचे नाहीत. आपल्या पायाबद्दल माणूस स्वतःलाच फसवतो. डाग असेल म्हणतो, सावली असेल म्हणतो. गमबूट चालत नाहीत. ती जीभ रबराला जुमानत नाही आणि बुटात पाय दिसत नाही. बघून झाले की दोनांपैकी एक शब्द बोलायचा, 'साफ' किंवा 'आहे'. 'वाटतंय', 'बहुतेक' असले काही नाही. 'आहे' म्हटले की त्या माणसाचा पाय त्या दिवशी पुन्हा गाळात जायचा नाही. बाकीचे आकडीने गाळ चाचपून जनावर उपसत आणि कोरड्या दगडावर टाकत. दगडावर ते अर्ध्या तासात आपणच मरते. त्याला मारण्यात ताकद घालवायची नाही.

आणखी एक नियम होता. घरचे माणूस जोडीला घ्यायचे नाही. भाऊ नाही, बाप नाही, मेव्हणा नाही.

विनायकचे वडील फोर्ट विल्यममधल्या लष्करी वर्कशॉपात फिटर होते, बदलीवर आले आणि इथेच राहिले. विनायक दहावीला दोनदा बसला, दोनदा आपटला आणि बाविसाव्या वर्षी गोदीत लागला. इथल्या मराठी मंडळींत बँकेतले, शाळेतले, सरकारी हुद्द्यांवरचे लोक. फावडे मारणारा तो एकटा. गणपतीत मंडळाचे कुणी साहेब त्याला मुलांसमोर उभे करत.

"मिसाळ, सांगा जरा यांना. भीती नाही वाटत?"

"वेळ नसतो," तो म्हणे.

मुले हसत. त्याने विनोद केलेला नसे.

उदय त्याचा सव्वीस वर्षांचा जोडीदार. सव्वीस वर्षांत उदय दोनदा 'आहे' म्हणाला. एकदा डाव्या पायाला, बोटांपासून टाचेपर्यंत. एकदा उजव्या घोट्याला. दोन्ही वेळा जनावराने नुसते चाटले होते, दात लागले नव्हते. विनायकही उदयच्या पायांना दोनदा आणि हातांना एकदा 'आहे' म्हणाला होता. उदयच्या बोटांची टोके तेव्हापासून गेली. गरम चहाचा पेला तो ओठांना लावूनच ओळखी.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात विनायकच्या बायकोने, सुधाने, धुवायला काढलेला मोजा त्याच्यासमोर धरला. सुधाने एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत गणित शिकवले होते.

"अहो, हे बघा. करंगळीजवळ डाग आहे. रक्ताचा."

"गंज असेल. नळाच्या पाण्याचा."

"गंज मला कळतो."

"उदयने परवाच बघितलंय. साफ म्हणाला."

"उदयदा म्हणाले, पण मोज्याने ऐकलं नाही."

"सुधा, सव्वीस वर्षं तो माणूस चुकला नाही."

"मग मला दाखवा. मीही चुकत नाही."

"तू नाही. घरच्यांनी बघायचं नसतं."

"तीस वर्षं ऐकतेय," ती म्हणाली आणि मोजा बादलीत टाकला.

पुढच्या रविवारी उदय 'साफ' म्हणाला. पुढच्या आठवड्यात डाग मोठा आला. त्याच्या पुढच्या रविवारीही उदय 'साफ' म्हणाला. सुधाने आता मोजे दाखवायचे सोडले. ती ते नुसते दोरीवर असे वाळत घाली की डाग बाल्कनीतल्या खुर्चीसमोर यावा. विनायक खुर्ची फिरवून बसे. त्याला भीती वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हते. पाय कळवळला असता तर त्याने विचार केला असता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो असाच पाय सुकवत पेपर वाचत होता. सुधा बाल्कनीत आली, खाली वाकली.

"हलू नका. चहा सांडलाय, पुसतेय."

त्याने पान उलटले.

उदय आला. पाटावर बसला. डावा पाय मांडीवर घेतला, टाच, तळवा, बेचक्या. मान डावीकडे कलती करून, मग उजवीकडे. हल्ली तो अशी मान कलती करी. विनायकला वाटे, मानेचे दुखणे असेल. उजवा पाय. पंधरा मिनिटे पुरी झाली.

"साफ," उदय म्हणाला.

विनायक उठायला लागला.

"बसा," सुधा म्हणाली. ती दारात उभी होती, हातात त्याचा दाढीचा आरसा. ती पुढे आली आणि तिने आरसा डाव्या तळव्याखाली धरला.

तळव्याच्या कडेला करंगळीच्या मुळाशी लाल पेनाने काढलेला गोल होता. व्यवस्थित, एका दमात काढलेला. गोलाच्या आत भोक होते. भोकाची कड पांढरी पडली होती आणि आत काळपट ओले काहीतरी दिसत होते. विनायकने ते दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसे बघितले.

"हे कुणी काढलं?"

"मी. अर्ध्या तासापूर्वी. तुम्ही खेळाचं पान वाचत होतात."

उदयचे हात मांडीवर तसेच होते. "काय झालं?" त्याने विचारले. "बौदी, काय आहे?" सुधाला तो बंगालीत वहिनी म्हणे.

"लाल गोल आहे, उदयदा. तुमच्या नाकापासून वीतभर होता."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. उदयने मान कलती केली, विनायककडे बघायला.

"मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. गाडी दिसते, दार दिसतं. तूही दिसतोस, तोंड सोडून."

"कधीपासून?"

"दुर्गापूजेच्या आधीपासून."

विनायकने मनात रविवार मोजले. पंचवीसच्या वर होते.

"बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तू दुसरी जोडी धरली असतीस."

"कुठून धरणार होतो? टोळीतले उरलेत किती?"

"तुला कुणीतरी मिळाला असता. मला आंधळ्याला कोण घेणार?" उदय म्हणाला. "वाटलं, जखम मोठी असेल तर दिसेल. कडेने तरी दिसेल."

विनायकने राग शोधला. आकडीने गाळ चाचपावा तसा शोधला. हाताला काही लागले नाही. पायांची सवय वर कुठवर चढली होती कोण जाणे.

"ऊठ," तो म्हणाला. "खुर्चीत बस."

"आता कशाला?"

"तुझे राहिलेत."

सुधाने कपाळाला हात लावला, पण अडवले नाही. विनायकने टाच जमिनीला टेकवून डावे पाऊल बाजूला ठेवले आणि उदयचे दोन्ही पाय बघितले. एक मिनिट जास्तच लागले. "साफ," तो म्हणाला. मग सुधा त्याला इस्पितळात घेऊन गेली.

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काढावे लागले. हाडापर्यंत गेले होते. भूल द्यावी लागली नाही. तरुण डॉक्टर कापत होता आणि विनायक जागा होता. डॉक्टरने विचारले, किती वर्षे गाळात होता. अडतीस, तो म्हणाला. हाड तुटल्याचा आवाज त्याने ऐकला. ओली फांदी मोडल्यासारखा होता.

"बाकीचा पाय वाचलाय," डॉक्टरने नंतर सांगितले. "पण पुढची जखम अशीच महिनाभर राहिली तर गुडघ्यापासून जाईल. रोज कुणीतरी बघायला हवं. रोज. घरी कोण आहे?"

"आहे," सुधा म्हणाली.



मुलगी विनीता न्यू टाउनहून आली. तिचे मराठी शाळेत असतानाच थोडे थोडे गळले होते, पण बापाशी ती मराठीतच बोले. "बाबा, सिंपल आहे. रोज मोबाइलवर फोटो काढायचा आणि बघायचा. मोठा करून. कोणाची जरूर नाही."

त्याने आठ दिवस फोटो काढले. रोज तेच काम, तितक्याच मेहनतीने. पाचव्या दिवशी टाचेजवळ काहीतरी गडद दिसले आणि तो मनाशी म्हणाला, सावली असेल. म्हणाला आणि थांबला. हे शब्द त्याने फळीवर नव्या माणसांच्या तोंडून शंभरदा ऐकले होते. त्या दिवशी ती खरेच सावली होती. आठव्या दिवसानंतर त्याने फोटो काढायचे सोडले.

"मग मी बघू?" सुधाने विचारले. ती तांदूळ निवडत होती.

"सुरेश हालदार आठवतो तुला?"

"पाय गेलेला? वारला तो."

"त्याची जोडी कुणाची होती?"

"मला काय माहीत."

"निताईची. त्याच्या सख्ख्या भावाची. त्या दिवशी दोन माणसं आली नव्हती आणि मुकादम मी होतो. दरवाजा दुपारपर्यंत मिटायला हवा होता. मी म्हटलं, एक दिवस चालेल, लावा दोघांना जोडीला."

सुधाचे हात थांबले. इतक्या वर्षांत हे तिला पहिल्यांदा कळत होते.

"निताईने बघितलं होतं. त्याला दिसलं होतं. पण तोंडातून 'आहे' निघेना. भावाला कसं सांगायचं, म्हणून 'साफ' म्हणाला. वाटलं, पुढच्या वेळी सांगू, कदाचित चिखलच असेल. सत्तर फावडी. पुन्हा 'साफ'. पुन्हा सत्तर. सुरेश तिसऱ्या वेळी फळीवर चढायला गेला तर चढायला पाऊल नव्हतं." विनायकने हे सगळे पेपरातली बातमी सांगावी तसे सांगितले. "म्हणून घरचं माणूस नको. मायेच्या माणसाला दिसतं, पण त्याच्याने बोलवत नाही."

सुधाने एक खडा बाजूला काढला.

"निताईला दिसलं आणि तो बोलला नाही," ती म्हणाली. "उदयदांना दिसलं नाही आणि ते बोलले. यात मी कुठे बसते? चाळीस वर्षांत माझ्याने बोलवलं नाही असं एकदा तरी झालंय का? तुमच्या बहिणीच्या तोंडावर सांगितलं होतं मी, श्रीखंड आंबलंय म्हणून."

"ते श्रीखंड होतं."

"तिला विचारा काय होतं ते."

 त्याने उदयला फोन केला. उदय तीन रविवार आला नव्हता.

"येतोस ना?"

"कशाला येऊ? माझा उपयोग काय?"

"तुझे पाय कोण बघतंय?"

"कुणी नाही," उदय म्हणाला.

"मग ये."

रविवारी तो आला. आता त्याच्या हातात काठी होती आणि सोबत डमडम स्टेशनापासूनचा कुणी अनोळखी माणूस, जो त्याला दारात सोडून गेला. विनायकने त्याला खुर्चीत बसवले. तीन रविवारांची चूक भरून काढायची म्हणून वीस मिनिटे बघितले. उजव्या अंगठ्याजवळ जुनी भेग होती, सुकलेली. बेचक्या कोरड्या.

"साफ."

उदय उठला आणि सवयीने पाटाकडे वळला. मग त्याला आठवले. तो कठड्याला धरून उभा राहिला. विनायक खुर्चीत बसला. त्याने डावा मोजा काढला, मग पट्टी, आणि पाय स्टुलावर ठेवला. वीस मिनिटे पायाला वारा लागू दिला. मग पाट सरकल्याचा आवाज झाला.

"कोण बसलं?" उदयने विचारले.

"सुधा."

"घरचं माणूस?"

"हो."

उदयने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बौदी, टाचेपासून सुरुवात करा," तो म्हणाला. "बेचक्या शेवटी. घाई नको. आणि त्याच्या तोंडाकडे बघू नका, पायाकडेच बघा."

"तोंडाकडे बघण्यासारखं काय आहे?" सुधा म्हणाली आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

तिने पाय मांडीवर घेतला. तिचे हात विनायकला दिसत होते, लागत नव्हते. तिने टाच बघितली. तळवा उजेडाकडे वळवून बघितला, मग उलटा वळवून. टाक्यांच्या रेषेवरून एकेक टाका मोजत गेली. विमानतळाकडे उतरणारे एक विमान गच्च्यांवरून खाली खाली गेले. विनायकने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितले.

"बारा मिनिटं झालीत. पंधरा लागतात."

"तुमची दोन बोटं कमी आहेत."

उदय हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा, खोकल्यासकट. सुधा हसली नाही. तिने मधले बोट दोन बोटांनी उचलून धरले आणि तशीच राहिली. विनायकने तिच्या चेहऱ्याकडे बघितले. निताईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आले असेल, आणि जे त्याने मुकादम असून बघितले नव्हते, ते इथे येते का, हे तो बघत होता. तिचे ओठ एकदा मिटले.

"आहे," ती म्हणाली. गणित चुकलंय हे ज्या आवाजात सांगे, त्याच आवाजात.

"कुठे?"

"मधल्या बोटाच्या मुळाशी, खालून. तांदळाच्या दाण्याएवढं. लाल."

"ओलं की सुकं?" उदयने विचारले.

"ओलं."

"आजचं असेल. नाहीतर कालचं," उदय म्हणाला. "दाण्याएवढ्याने बोट जात नाही, विनायकदा."

"ठाऊक आहे."

विनायक पाय खाली घ्यायला लागला. सुधाने तो सोडला नाही.

"टेकवू नका. असाच वर धरा. मी रिक्षा बघते." तिने त्याचे दोन्ही हात घेऊन त्याच्याच पोटरीखाली लावले, घट्ट दाबून बघितले आणि चपला घालून जिना उतरली. विनायक आपला पाय आपल्या हातांत धरून बसला. हातांना पायाचे वजन लागत होते. उदय कठडा सोडून चाचपत जवळ आला आणि त्याने टाचेखाली आपला तळहात दिला.